डीपीएफचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? आधी इंजिन किती तापतंय ते बघा

गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एकच पिवळा दिवा चार वेळा लागला. दर वेळी गॅरेज, दर वेळी स्कॅनर, दर वेळी स्कॅनरने करवलेलं रीजन (म्हणजे साठलेली काजळी जाळणं), आणि महिना-दीड महिना गेला की पुन्हा तोच दिवा आणि तोच संदेश: पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ, भरलाय. चौथ्या वेळी फिल्टरच बदलायचं इस्टिमेट हातात पडलं, अडीच लाखांच्या वरचं. खरा दोष शेवटी सापडला तो फिल्टरमध्ये नव्हताच, थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये होता. असंच इस्टिमेट ज्यांच्या हातात आहे त्यांनी पैसे भरायच्या आधी काय तपासावं, ते सांगायला हे लिहितोय.

गाडी २०२० ची, बीएस६, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. बीएमडब्ल्यू ३२०डी किंवा मर्सिडीज सी २२०डी ज्या पंक्तीत बसतात त्याच पंक्तीतली सेदान. कंपनीचं नाव घेत नाही, कारण डीपीएफ असलेल्या कुठल्याही डिझेल गाडीत हे होऊ शकतं. २०२३ मध्ये सेकंड हँड घेतली तेव्हा ४६,००० किलोमीटर झाले होते, त्रास सुरू झाला तेव्हा ७१,०००. रोजचं जाणं-येणं नाशिकच्या गंगापूर रोडवरून अंबड एमआयडीसीत, एका बाजूचे आठ-नऊ किलोमीटर. शिवाय महिन्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगर. या संभाजीनगरच्या फेऱ्या लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळेच उलगडला.

आत नेमकं काय चालतं

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचं एक पोळं. आत बारीक बारीक नळ्या, आणि शेजारशेजारच्या नळ्या आलटून पालटून एकेका टोकाला बुजवलेल्या. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नसते, म्हणून सच्छिद्र भिंतीतून पाझरून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर मागे राहते. ही काजळी जाळावी लागते. लांबच्या प्रवासात फिल्टर तापलेला असला की २५० ते ४०० अंशांच्या दरम्यानही नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती थोडी थोडी जळत राहते. शहरात मात्र डिझेलचा धूर बऱ्याचदा दीडशे-दोनशे अंशांवरच रेंगाळतो, तिथे काही जळत नाही.

म्हणून मग ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, स्वतः कामाला लागतो. काजळी ठरावीक ग्रॅमच्या वर गेली की तो पॉवर स्ट्रोकच्या शेवटी शेवटी थोडं जादा डिझेल सोडतो. त्या डिझेलने गाडी पळत नाही. ते पुढे जाऊन फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटलिस्टवर जळतं आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेतं. दहा ते वीस मिनिटं हे चालतं. याला रीजनरेशन म्हणतात, गॅरेजमध्ये सगळे 'रीजन'च म्हणतात. चालू असताना ते ओळखू येतं: आयडलिंगचे आरपीएम थोडे चढतात, सिग्नलला ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, सायलेन्सरचा आवाज जरा घोगरा होतो, तात्कालिक अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, आणि मध्येच गाडी बंद केली तर पंखा बराच वेळ गरगरत राहतो. तापलेल्या लोखंडाचा वासही येतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, मलाही नव्हती. रीजन सुरू करायच्या आधी ईसीयू काही अटी तपासतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पुरेसं तापलेलं हवं, माझ्या गाडीत ७५ अंशांच्या पुढे. टाकी रिझर्व्हला लागलेली नको. काही ठरावीक फॉल्ट कोड पेंडिंग नकोत. धुराचं तापमान मोजणारे सेन्सर आणि दाब मोजणारा सेन्सर जाग्यावर हवेत. यातली एक अट जरी मोडली तरी रीजन सुरूच होत नाही. आणि 'मी आज रीजन केलं नाही, कारण अमुक' असा संदेश डॅशबोर्डवर कधीच येत नाही. काजळी गुपचूप साठत जाते आणि एक दिवस दिवा लागतो. दिवा फिल्टरच्या नावाचा, म्हणून आपण फिल्टरच्या मागे लागतो.

"हायवेला पळवा, आपोआप जाईल"

पहिल्या दिव्याला मला हाच सल्ला मिळाला. ज्याची गाडी फक्त शहरात फिरते त्याच्यासाठी तो योग्यच आहे, कारण आठ किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापतं न तापतं तोच आपण चावी फिरवतो. म्हणून मी मुद्दाम समृद्धी महामार्गावरून संभाजीनगरला गेलो. सिन्नरजवळून समृद्धीला लागलो, शंभर-एकशेदहाने सलग दीड तास. दिवा गेला नाही. आल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून, गाडी जाग्यावर उभी करून रीजन करवलं. पाऊण तास लागला, काजळी ४ ग्रॅमवर आली, दिवा विझला, मी खूश.

जुलैच्या शेवटी पुन्हा. सप्टेंबरमध्ये पुन्हा. मधल्या काळात मी डिझेलमध्ये घालायच्या क्लीनरच्या बाटल्या वापरल्या, डिझेल भरायचा पंप बदलला, महागडं डिझेल भरून पाहिलं. काहीही फरक नाही. अ‍ॅव्हरेजही पडलं होतं. हायवेला जी गाडी आरामात २० च्या वर द्यायची, ती १७ ला आली होती. मी त्याचा दोष फिल्टरला देत राहिलो. भरलेल्या फिल्टरमुळे अ‍ॅव्हरेज पडतं हे खरं आहे, पण माझ्या बाबतीत दोन्हींचं मूळ एकच होतं.

दिवाळीनंतर संभाजीनगरहून परत येताना समृद्धीवर सिन्नरच्या अलीकडे गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड वाढू नये म्हणून तिने स्वतःच ताकद कमी केली. एक्सलेटर दाबला तरी गाडी पुढे सरकेना, मागून ट्रकचे हॉर्न, शेजारी आई बसलेली. ऐंशीच्याही खाली, डाव्या लेनला धरून, हॅझर्ड लावून कशीबशी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी मोठ्या वर्कशॉपने फिल्टर बदलायचं इस्टिमेट दिलं. स्कॅन रिपोर्टवर कोड होता पी२४६३, म्हणजे काजळी प्रमाणाबाहेर साठली. राखेचा कोड, पी२४२एफ, नव्हता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. काजळी जळते, राख जळत नाही. काजळीचा कोड असताना फिल्टर बदलायला सांगणं म्हणजे चूल का पेटत नाही ते न बघता चूलच नवी आणायला सांगणं.

अंबडमधलं गॅरेज

इस्टिमेट घेऊन मी अंबडमधल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. तिथले काका आधी पंचवीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलत होते. त्यांनी फिल्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. टॅबला वायर जोडली, लाइव्ह डेटा उघडला आणि मला म्हणाले, "साहेब, चला, एक चक्कर मारून येऊ." पाथर्डी फाट्याकडून महामार्गाला लागलो. नव्वदचा वेग. काका टॅबवर एकाच आकड्याकडे बघत होते. कूलंट: ७२. मग ७०. मग ६८.

"बघा," ते म्हणाले, "हवा लागली की उतरतंय. उलटं व्हायला पाहिजे ना? हिला तापच येत नाही, तर काजळी जळणार कुठून?"

परत येताना सिग्नलला आणि टेम्पोंच्या गर्दीत आकडा चढत चढत ७९ वर गेला. मोकळा रस्ता मिळाला की पुन्हा खाली. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता.

थर्मोस्टॅटचं काम साधं आहे. इंजिन गार असताना त्याने रेडिएटरकडची वाट बंद ठेवायची, म्हणजे तेच थोडं कूलंट इंजिनात फिरून पटकन तापतं. साधारण ८८ अंशांना आतलं मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो, आणि मग रेडिएटर कामाला लागतो. तो उघडा अडकला की पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून फिरतं. समृद्धीवर एकशेदहाच्या वेगाने समोरून जी हवा येते ती इंजिन ७५ पर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर रीजन हमखास व्हायला पाहिजे, नेमका तिथेच माझ्या गाडीत त्याला मज्जाव होता. आणि गॅरेजमध्ये जाग्यावर उभी करून, आरपीएम चढवून करवलं की इंजिन तापायचं आणि रीजन पूर्ण व्हायचं, कारण तिथे समोरून वारा नाही. प्रत्येक वेळी दुरुस्ती यशस्वी झाल्यासारखी वाटायची ती यामुळे.

हे अशा गाड्यांमध्येच इतकं का जाणवतं, यावर मी बरेच दिवस विचार केला. डिझेल इंजिन चांगल्या परिस्थितीत इंधनातल्या उष्णतेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास भाग कामाला लावतं, आणि हलक्या लोडवर तर त्याला लागणारं इंधनच किती कमी. २०१० च्या सुमारास बीएमडब्ल्यूने युरोपात ३२०डी एफिशियंटडायनॅमिक्स नावाची आवृत्ती काढली होती, १६३ हॉर्सपॉवर असूनही तिथल्या चाचणीत १०० किलोमीटरला ४.१ लिटर, म्हणजे लिटरला २४ च्या वर. एवढं थोडं डिझेल जाळणाऱ्या इंजिनाकडे फुकट घालवायला उष्णता उरते तरी किती? थंड देशांत अशा डिझेल गाड्यांना केबिन गरम करायला वेगळा विजेवरचा हीटर बसवतात, कारण इंजिन तापेपर्यंत आतली माणसं गारठतात. तिकडे थर्मोस्टॅट बिघडला की हीटरमधून गार हवा येते आणि ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात कळतं. आपण वर्षाचे बारा महिने एसी लावतो. आपल्याला कळायला मार्गच नाही. त्यात या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत कूलंटचा काटाच नसतो, आणि ज्यांत असतो त्यांतही तो मधल्या रेघेवर स्थिर राहावा अशी सोय केलेली असते.

मग थर्मोस्टॅटचा कोड, पी०१२८, का आला नाही? कारण ईसीयू पाहतो ते इतकंच, की अमुक वेळात इंजिन अमुक तापमानाला पोचलं की नाही. नाशिकच्या हवेत, गर्दीत, एसीचा लोड घेऊन ते पोचायचं. त्याच्या हिशोबात सगळं ठीक होतं.

घरी कसं तपासाल

ब्लूटूथचा ओबीडी अ‍ॅडॅप्टर (गाडीच्या स्कॅनर जोडायच्या सॉकेटला लावायचा) आणि फोनवरचं एखादं अ‍ॅप एवढं पुरतं. अ‍ॅडॅप्टर जरा चांगला घ्या, अगदी स्वस्तातले मध्येच बंद पडतात. कूलंटचं तापमान जवळपास प्रत्येक गाडीत दिसतं. सकाळी गार इंजिनावर सुरू करा आणि शेजारी कुणाला तरी बसवून दर दोन मिनिटांनी आकडा लिहायला सांगा, गाडी चालवताना स्वतः फोनकडे बघू नका. आठ-दहा किलोमीटर शहरात, मग वीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर नव्वदने. निरोगी गाडीत आकडा ८८-९२ च्या आसपास जाऊन तिथेच ठाण मांडतो, रस्ता कुठलाही असो. मोकळ्या रस्त्यावर तो सत्तरीत उतरत असेल, तर पुढचं काही बघायच्या आधी थर्मोस्टॅट बदला.

अ‍ॅडॅप्टर नसेल तर हाताने कळतं. माझ्या गाडीवर मी हे डिसेंबरच्या एका सकाळी केलं, बाहेर दहा अंशांच्या आसपास होते आणि बोनेट बर्फासारखा लागत होता. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून रेडिएटरकडे जाणारा जाड रबरी पाइप शोधा. इंजिन सुरू करून तीन-चार मिनिटं आयडलला ठेवा, बंद करा, आणि मग त्या पाइपावर हात ठेवा. पंखा किंवा बेल्ट फिरत असताना आत हात घालू नका. इंजिनाच्या बाजूचे पाइप कोमट झाले असतील, पण हा पाइप गारच लागायला हवा. माझा चौथ्या मिनिटालाच कोमट झाला होता, आणि त्या वेळी फोनवर कूलंट फक्त ४४ दाखवत होतं. ८८ ला उघडायचा व्हॉल्व्ह ४४ ला पाणी सोडतोय, आणखी पुरावा कशाला हवा? नंतर काकांनी जुना थर्मोस्टॅट काढून माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा तबकडी आणि बैठक यांच्यामध्ये नखाएवढी फट स्पष्ट दिसत होती. पूर्ण गार असतानाही ती मिटलेली नव्हती.

काही इंजिनांत मुख्य थर्मोस्टॅटशिवाय ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलरसाठी दुसरा छोटा थर्मोस्टॅट असतो. मुख्य बदलूनही तापमान ८० च्या आसपासच घुटमळत असेल, तर हा दुसरा बघायला सांगा.

पार्ट्‌स, नवीन कूलंट आणि मजुरी धरून मला बारा हजारांच्या आत खर्च आला. कूलंट कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं भरा, नळाचं पाणी घालून वाढवू नका. आणि भरल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढून घ्या, नाहीतर आकडे पुन्हा वेड्यासारखे हलतील.

ऑइलकडे दुर्लक्ष करू नका

हा भाग मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचा आहे, कारण दिवा विझला की माणूस इथेच थांबतो आणि इंजिन हळूहळू खराब होत जातं. रीजनच्या वेळी जे जादा डिझेल सोडलं जातं त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. रीजन पूर्ण झालं आणि नंतर गाडी नीट तापून चालली तर त्यातलं बरंच उडून जातं. पण रीजन अर्धवट तुटत राहिलं, आणि वर इंजिन गारच राहिलं, तर ते साठत जातं. ऑइल पातळ होतं, टर्बोच्या बेअरिंगला आणि टायमिंग चेनला पुरेसं संरक्षण मिळत नाही.

खूण अशी, की ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. माझ्या गाडीला डिपस्टिक नाही, स्क्रीनवरच लेव्हल मोजावी लागते, आणि ती मॅक्सच्या वर दाखवत होती. मी ते महिनाभर आधी पाहिलं होतं आणि 'सर्व्हिसला जरा जास्त भरलं असेल' म्हणून सोडून दिलं होतं. काकांनी ऑइल काढलं तेव्हा ते पाण्यासारखं सरळ धारेत पडलं. त्याचा एक थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टाकून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मधोमध काळा ठिपका आणि त्याच्याभोवती हाताच्या तळव्याएवढं फिकट, तेलकट कडं पसरलं होतं, आणि कागदाला डिझेलचा वास येत होता. ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय, याची आणखी खात्री लागली नाही.

म्हणून नियम धरा: लागोपाठ दोन-तीन वेळा दिवा लागला असेल किंवा स्कॅनरने रीजन करवलं असेल, तर किलोमीटर किती झाले ते न बघता ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. ऑइल घेताना नुसता ५डब्ल्यू-३० असा ग्रेड बघून घेऊ नका. डब्यावर तुमच्या कंपनीची मान्यता छापलेली हवी: बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०४ किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली पुढची, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, फोक्सवॅगन गटासाठी ५०७.००. ही कमी राखेची ऑइलं आहेत. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि त्यातल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची राख कायमची फिल्टरमध्ये बसते. शेजारच्या दुकानातलं स्वस्त, जुन्या प्रतीचं ऑइल भरून वाचवलेले हजार-दीड हजार पुढे फिल्टरमध्ये जातात.

तापमान ठीक निघालं तर

तर दुसरा संशय दाबाच्या सेन्सरवर घ्या. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक हा सेन्सर मोजतो, आणि त्याला फिल्टरपासून एक किंवा दोन बारीक रबरी नळ्या येतात. उष्णतेने त्या कडक होऊन चिरतात, तोंडाशी काजळीने बुजतात, कधी सुटून लोंबतात. मग ईसीयूला रिकामा फिल्टर भरलेला दिसतो किंवा भरलेला रिकामा. तपासायची पद्धत अगदी सोपी: इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू. धूर वाहत नाही म्हणजे फरक शून्याच्या अगदी जवळ दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर सेन्सर किंवा नळी, दोन्हींपैकी एक बदला. इंजिन सुरू केल्यावर आयडलला मोजके मिलिबार आणि रेस केल्यावर आकडा सरळ वाढताना दिसायला हवा. रेस करूनही हलत नसेल तर नळी फुटली आहे किंवा बुजली आहे. हे काम शेकड्यातलं आहे, फार तर थोड्या हजारांतलं.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे पाइप. जोडाशी ऑइलचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथून हवा गळते. हवा कमी, म्हणजे काजळी जास्त. ईजीआर व्हॉल्व्ह अडकणं आणि इंजेक्टर गळणं यांनीही फिल्टर अकाली भरतो, पण त्यासाठी स्कॅनर वापरणारा जाणता माणूस लागतो. धुराच्या तापमानाचा सेन्सर बिघडला तर बहुतेक वेळा त्याचा वेगळा कोड येतो, म्हणून रिपोर्टवर डीपीएफच्या कोडबरोबर दुसरा कुठला कोड आहे का ते नीट वाचा. गॅरेजवाल्यांना कोड पुसायच्या आधी रिपोर्टचा फोटो काढू द्या म्हणा. पुसलेला कोड परत यायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस आपण अंधारात राहतो.

आणि टाकी. अर्ध्या टाकीच्या आत जाऊ द्यायची नाही असं नाही, पण ज्यांना कायम रिझर्व्हवर पाचशे-पाचशेचं डिझेल भरायची सवय आहे, त्यांच्या गाडीत रीजन पुढे पुढे ढकललं जातं.

राखेचा कोड खरोखरच आला असेल तर तो वेगळा विषय. फिल्टर गाडीतून काढून भट्टीत तापवून आणि हवेने साफ करून देणारी ठिकाणं मोठ्या शहरांत आहेत, नवीन फिल्टरच्या तुलनेत खर्च बराच कमी येतो. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने फिल्टर धुवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका, आतला थर आणि सिरॅमिक दोन्ही खराब होतात. साफ करून बसवल्यावर स्कॅनरने राखेचा हिशोब शून्यावर आणायला लावा. बऱ्याच गाड्यांत राख प्रत्यक्ष मोजलेली नसते, किलोमीटर आणि जळालेल्या इंधनावरून ईसीयूने धरलेली असते. तो आकडा तसाच राहिला तर स्वच्छ फिल्टरलाही तो भरलेलाच समजत राहतो.

"सरळ काढूनच टाका ना"

हे मला चार जणांनी सांगितलं, त्यातल्या दोघांनी भावही सांगितला. फिल्टर फोडून आतलं पोळं काढायचं, ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर बदलायचं, दिवा कायमचा गेला. मी हे केलं नाही आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि कलम १९० खाली प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच कॅन्सर निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. माझी मुलगी गंगापूर रोडने सायकलवर शाळेत जाते. कुणाच्या तरी गाडीच्या मागे ती असते, तशी माझ्याही गाडीच्या मागे कुणाची तरी मुलगी असते. बारा हजारांचा भाग बदलून जे नीट होतं त्यासाठी त्या पोरांच्या छातीत काजळी सोडायची नाही.

आता काय स्थिती आहे

थर्मोस्टॅट, ऑइल, ऑइल फिल्टर आणि एकदा शेवटचं स्कॅनरने रीजन, हे सगळं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. स्कॅनरने रीजन करताना गाडी उघड्यावर उभी करा, खाली वाळलेलं गवत किंवा पालापाचोळा नको, आणि सायलेन्सरच्या मागे कुणाला उभं राहू देऊ नका. बाहेर पडणारी हवा भाजण्याइतकी गरम असते.

त्याच रविवारी मी मुद्दाम संभाजीनगरला गेलो. समृद्धीवर एकशेदहाला कूलंट ९०, अडीच तासांत दोन अंशांच्या पलीकडे हललं नाही. परतीच्या वाटेवर वैजापूरच्या पुढे आरपीएम आणि आवाजावरून पहिल्यांदाच कळलं की गाडी स्वतःहून रीजन करतेय. शेजारी बसलेल्या बायकोने आकडे वाचून दाखवले: धूर ६१०, काजळी २३, मग १७, मग ११. अठरा मिनिटांनी ५ ग्रॅमवर येऊन थांबलं. त्या दिवशी अ‍ॅव्हरेज २०.६ पडलं.

तेव्हापासून मी वहीत दोन रीजनमधलं अंतर किलोमीटरमध्ये लिहून ठेवतोय. आतापर्यंतचे आकडे ४१०, ५२५, ४७०, ५९० असे आहेत. दिवाळीच्या आधी हेच अंतर १,१४० पर्यंत गेलं होतं आणि मी त्याला चांगलं समजत होतो, प्रत्यक्षात रीजन नुसतं पुढे ढकललं जात होतं. ऑइलची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला बघतो, अजून तरी वाढलेली नाही. रोजच्या अंबडच्या फेऱ्या मात्र तशाच आहेत, म्हणून ऑइल कंपनीच्या मुदतीची वाट न बघता आठ हजारांना बदलायचं ठरवलंय. पुढचा बदल ८४,००० ला आहे.